खिडकीच्या बिलात नसलेले काम

मृग तोंडावर आला की करवीर तालुक्यातल्या गावांत घरदुरुस्तीची घाई सुरू होते. गडमुडशिंगीही त्याला अपवाद नाही. वाळवीने पोखरलेली, दर पावसाळ्यात फुगणारी लाकडी चौकट काढायची आणि तिथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची, हे त्यातले नेहमीचे काम. घरमालक दुकानात जातो, सेक्शन हातात घेऊन बघतो, काच निवडतो, दोन ट्रॅकची घ्यायची की मच्छरजाळीसह तीन ट्रॅकची हे ठरवतो आणि घासाघीस करून चौरस फुटाचा दर थोडा खाली आणतो. सकाळी टेम्पोतून खिडक्या येतात, दिवस मावळायच्या आत बसूनही जातात. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही खिडकी भिंतीला नेमकी कशाच्या आधाराने धरून राहणार आहे?

काच दिसते, हँडल दिसते, रंग दिसतो. चौकट आणि भिंत यांच्यातला जोड मात्र त्याच संध्याकाळी गिलाव्याखाली आणि सिलिकॉनच्या रेघेखाली गडप होतो. खिडकीची खरी मजबुती तिथेच ठरते आणि त्याच कामाला बिलात स्वतंत्र ओळ नसते. ही ओळ बिलात आली पाहिजे, आणि जोड झाकण्याआधी तो पाहण्याचा हक्क घरमालकाने बजावला पाहिजे.

वाऱ्याचा जोर किती असतो, याची कल्पना साध्या हिशोबाने येते. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी देशात आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर हा मूळ वेग धरला आहे. ३९ मीटरचा वेग म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाचा वारा एका चौरस मीटरवर ढोबळमानाने ९३ किलोचा दाब देतो. चार फूट बाय चार फूट खिडकीवर हा भार १३८ किलोच्या आसपास जातो. दोन धडधाकट माणसांनी एकदम खिडकीवर अंग टाकावे, एवढा हा जोर. घराची उंची, आजूबाजूची झाडे आणि इमारती यांनुसार आकडा कमीजास्त होतो, पण अंदाज यायला एवढे पुरे. शिवाय वारा नुसता ढकलत नाही. घराच्या आडोशाच्या बाजूला तो खिडकी बाहेर ओढतो. वळवाच्या वादळात पत्रे आत पडण्याऐवजी वर उचलले जातात, ते याच ओढीमुळे. खिडकीलाही हे दोन्ही जोर सोसावे लागतात. आत ढकलणारा जोर कदाचित गिलाव्याची कड थोडा वेळ अडवेल. बाहेर ओढणारा जोर फक्त स्क्रू, पट्टी किंवा भिंतीत गाडलेला लोखंडी होल्डफास्टच अडवू शकतो.

बदललेली खिडकी चुकीच्या बोल्टवर बसवली तर काय होते, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण विमानाचे आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघाले. सतरा हजार फुटांवर पोहोचले असताना वैमानिकासमोरची काच उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या आदल्याच दिवशी बदलली होती. चौकशीत निघाले की ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास पाऊण मिलिमीटरहून कमी फरकाने बारीक होता आणि उरलेले सहा बोल्ट आखूड होते. बोल्ट निवडताना भागांच्या पुस्तकातला क्रमांक पाहिला नव्हता. काढलेल्या जुन्या बोल्टशी नजरेने ताडून नवे घेतले होते. त्या विमानाची काच बाहेरून बसवण्याच्या पद्धतीची असल्यामुळे आतल्या हवेचा सगळा दाब थेट बोल्टांवर येत होता.

गडमुडशिंगीला हे उदाहरण परके वाटायचे कारण नाही. १९३९ साली सुरू झालेला कोल्हापूरचा विमानतळ गावाला लागूनच आहे, धावपट्टीच्या विस्तारासाठी गावाने जमीन दिली आहे आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाल्यापासून विमानांचे येणे-जाणे हा इथला रोजचा विषय आहे. दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे आणि शिरोलीत बिडाच्या कास्टिंगवर सीएनसी यंत्रे चालतात, प्रत्येक भोक गेजने तपासले जाते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चुकलेला नग बाजूला काढला जातो. असे काम करणारी कितीतरी माणसे याच पंचक्रोशीत राहतात. कारखान्यात जी माणसे मोजल्याशिवाय नग पुढे सोडत नाहीत, त्यांच्या घरातली खिडकी मात्र अंदाजाने बसते, हे मनाला पटत नाही. कसब इथे आहे, मोजमापाची सवयही आहे. ती घराच्या दारातून आत यायची राहिली आहे.

याचे एक कारण कामाच्या वाटणीत आहे. पूर्वी सुतार चौकट करायचा, गवंडी भिंत रचतानाच ती उभी करायचा आणि दोघांचा हिशोब एकमेकांसमोर व्हायचा. लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना लोखंडी होल्डफास्ट असायचे आणि ते भिंतीत काँक्रीटमध्ये गाडले जायचे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रमाणित कामांत आजही होल्डफास्टसाठी ३० बाय १० बाय १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा सांगितलेला असतो. आता चौकट फॅब्रिकेटरच्या दुकानात तयार होते, जुनी चौकट वेगळाच माणूस काढतो आणि फुटलेला गिलावा तिसरा भरतो. फॅब्रिकेटर म्हणतो, भिंत कच्ची होती. गवंडी म्हणतो, चौकट वाकडी होती. पावसाची झड आत आली की दोघेही खरेच बोलत असतात आणि घरमालकाच्या हाती काही लागत नाही.

जुनी चौकट काढण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. गावातल्या जुन्या, मातीत रचलेल्या विटांच्या किंवा दगडी भिंतींत कधीकधी खिडकीवर लिंटेल नसतोच. वरच्या भिंतीचा भार लाकडी चौकटीवरच आलेला असतो. अशी चौकट पहारीने ओढून काढली तर वरच्या विटा खाली येतात. म्हणून आधी वरचा गिलावा थोडा खरवडून लिंटेल आहे का, त्याचा टेका दोन्ही बाजूंना निदान १५ सेंटिमीटर भिंतीत गेला आहे का, हे पाहावे. नसेल तर दोन्ही बाजूंनी टेकू देऊन आधी लिंटेल टाकावा लागतो. ते काम खिडकीवाल्याचे नाही, अनुभवी गवंड्याचे आहे. खिडकी मोठी करायची असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय भिंत फोडूच नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने सोसला आहे. भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून पाडलेली मोठी भगदाडे भूकंपात भिंतीला दुबळी करतात, हे शिकायला पुन्हा तशी किंमत मोजण्याची गरज नाही.

काढलेल्या लाकडाचाही विचार हवा. कोल्हापूरकडे अशी जुनी फळकुटे सरळ बंबात जातात आणि त्यांवर अंघोळीचे पाणी तापते. पण त्या चौकटींवर वर्षानुवर्षे दिलेल्या तेलरंगाचे थर असतात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ, धूर, राख लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा आणि रंगवलेले लाकूड बंबात घालू नये. वाळवी लागलेली असेल तर भिंतीतल्या वाटा औषध सोडून बंद कराव्यात, नाहीतर नव्या लाकडी चौकटीचीही तीच गत होते.

नवी चौकट बसवताना मोजमाप एका ठिकाणी घेऊन भागत नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची, उंचीही तीन ठिकाणी मोजायची आणि सर्वांत लहान माप धरून चौकट चहूबाजूंनी थोडी कमी करायची. जुन्या भिंतींत दोन मापांत बोटभराचा फरक सहज निघतो. चौकट जागेवर ठेवली की लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पाचरींनी ती स्थिर करायची, ओळंब्याने दोन्ही उभे भाग तपासायचे, लेव्हलने खालचा ट्रॅक तपासायचा आणि शेवटी दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. दोन्ही कर्णांत फरक राहिला तर सरकते दार पहिल्या दिवशी कुरकुरते आणि पुढच्या वर्षी अडते. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. स्क्रू मारल्यावर ती करून काहीच उपयोग नसतो.

मग पकडीचा मुख्य भाग येतो. प्रत्येक कोपऱ्यापासून साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवर एक स्क्रू आणि त्यापुढे दोन स्क्रूंमधले अंतर ६० सेंटिमीटरच्या आत, ही पुष्कळ ठिकाणी पाळली जाणारी रीत आहे. चार फूट उंचीच्या चौकटीला एका बाजूस निदान तीन स्क्रू आलेच पाहिजेत. स्क्रूची लांबी गिलाव्यासह मोजायची नसते. गिलाव्याची जाडी, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट ही सगळी सोडून स्क्रू खुद्द विटेत किंवा काँक्रीटमध्ये निदान चार सेंटिमीटर शिरला पाहिजे. दीड इंची स्क्रू आणि प्लास्टिकचा प्लग वापरला तर तो बहुतेक वेळा गिलाव्यातच संपतो. त्याची पकड असते ती भिंतीवर मारलेल्या सिमेंट-वाळूच्या पापुद्र्यावर.

भिंत कशाची आहे त्यावर पद्धत बदलते. पक्क्या विटेत भोक विटेच्या पोटात पाडावे, दोन विटांच्या सांध्यात नाही. ठिसूळ विटेवर ड्रिलचा हातोडा बंद ठेवूनच भोक पाडावे, नाहीतर वीट आतून फुटते आणि बाहेरून कळतही नाही. हलक्या एएसी ब्लॉकसाठी त्यांचे वेगळे, लांब प्लग येतात. साधे प्लग त्यात फिरत राहतात. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत स्क्रूवर विसंबू नये. तिथे जुन्या पद्धतीचा होल्डफास्टच खरा. भिंतीत खोबण करून, ओली करून, काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि आठवडाभर पाणी मारायचे. त्या आठवड्यात चौकटीला धक्का लागू द्यायचा नाही. एका दिवसात सगळे उरकण्याचा आग्रह इथेच महागात पडतो.

फटीत भरायचा फोम हा आणखी एक गैरसमज. डब्यातून फुगत येणारा तो पिवळा फेस चौकटीला घट्ट चिकटतो, त्यामुळे तोच खिडकी धरून ठेवतो असे वाटते. प्रत्यक्षात तो हवा, धूळ आणि आवाज अडवण्यासाठी आहे. विमानतळाशेजारच्या गावात त्याचा हा उपयोग मोठा आहे, कारण आवाज काचेपेक्षा फटींतून अधिक सहज आत येतो. भार घेण्याचे काम मात्र स्क्रूचेच.

फट मुळात ठेवायची का, असाही प्रश्न विचारला जातो. ठेवायचीच. ॲल्युमिनियमची दीड मीटरची पट्टी ३० अंश तापमानफरकाने सुमारे एक मिलिमीटर वाढते, यूपीव्हीसीची तीन मिलिमीटरपर्यंत. पश्चिमेकडच्या भिंतीवर एप्रिलच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे एवढा फरक पडतोच. चौकट सिमेंटने सगळीकडून जाम केली तर वाढायला जागा राहत नाही, मग सेक्शन वाकतो किंवा कडेने गिलावा तडकतो. अमेरिकेत बॉस्टनचा साठ मजली जॉन हँकॉक टॉवर उभा राहत असताना १९७३ च्या सुमारास त्याच्या काचा खाली कोसळू लागल्या. दुहेरी काचांच्या कडेचा शिशाचा जोड इतका ताठ होता की काचेची हालचाल त्याला पेलवत नव्हती. कित्येक महिने त्या इमारतीला प्लायवुडची ठिगळे होती आणि शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. पकड भक्कम हवी आणि कडेचा जोड लवचिक हवा. या दोन वेगळ्या गरजा आहेत, म्हणून स्क्रू आणि सिलिकॉन दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

पाणी हा या भागातल्या खिडकीचा सर्वांत मोठा शत्रू. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावडा हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तेवढा पाऊस गडमुडशिंगीला पडत नाही, तरी जुलैतली पश्चिमेची झड दिवसदिवस खिडकीवर आपटत राहते. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि त्याच्या पुढच्या कडेला खालून खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत न जाता तिथूनच ठिबकते. ग्रॅनाइटची पट्टी सपाट बसवली की पाणी आत वळते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी छोटी भोके असतात. साफसफाईच्या उत्साहात काही कारागीर तीही सिलिकॉनने बुजवतात. मग ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरते. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारलाच तर त्याचे डोके सीलंटने बंद केले पाहिजे, नाहीतर त्या भोकातून भिंत वर्षानुवर्षे पाणी पीत राहते आणि स्क्रू गंजून पकड सुटते.

ग्रिलबद्दलही बोलले पाहिजे. चोराच्या भीतीने ग्रिल बाहेरून बसवतात, आणि त्याचे स्क्रूही बाहेरूनच. ते स्क्रू ज्याला बाहेरून दिसतात त्याला बाहेरून काढताही येतात. ग्रिलचे पाय भिंतीत गाडलेले असावेत किंवा स्क्रूची डोकी आतून असावीत. त्याच वेळी प्रत्येक मजल्यावर निदान एका ग्रिलला आतून उघडणारे दार हवे. स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला किंवा जिन्यात धूर भरला तर तेच एक दार बाहेर नेते. त्याची किल्ली कुठे आहे हे घरातल्या लहानांनाही माहीत असावे.

एवढी काळजी घेतली तर खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. थोडा वाढेल. पण योग्य लांबीचे गंजरोधक स्क्रू, काही पाचरी आणि मोजमापाचा अर्धा तास हा खिडकीच्या एकूण किमतीतला लहानसा भाग आहे. दर कमी करण्याच्या ओढाताणीत कापला जातो तो नेमका हाच भाग, कारण तो दिसत नाही. घरमालकाने दरावर घासाघीस करताना पकडीवर करू नये. कारागिरांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. ज्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, त्याला भिंत तपासायला, ओळंबा धरायला, काँक्रीट वाळायची वाट बघायला कुणी मोबदला देत नाही. कामाची ओळ बिलात आली तर त्या वेळेचे पैसे मागण्याचा हक्क त्यालाही मिळतो.

या कौशल्याची गावपातळीवर सोय करणे अवघड नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे. त्यात दारे-खिडक्या बदलण्याचे, म्हणजे उभ्या घरात जुनी चौकट काढून नवी बसवण्याचे दोन दिवस वाढवता येतील. कोल्हापुरात कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेटर या तिघांना एकत्र बसवून तिथे छोटा वर्ग घेता येईल. ज्या घरकुलासाठी सपाट भागात सरकार एक लाख वीस हजार रुपये देते, त्या घराची खिडकी पहिल्या वळवात हलू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

घरमालकाला मात्र यासाठी कुणाची वाट बघायची गरज नाही. खिडकीच्या पावतीवर त्याने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: भिंत कशाची आहे आणि त्यासाठी कोणता स्क्रू किंवा होल्डफास्ट किती संख्येने वापरला, चौकट आणि गिलावा या दोन्हींची जबाबदारी कुणा एकाची आहे, आणि पहिल्या पावसाळ्यात गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार. पक्की पावती असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. पावती नसेल तर सगळे शब्दांवरच राहते. गिलावा लावण्याआधी प्रत्येक चौकटीच्या चारही बाजूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत, आणि गडमुडशिंगी ग्रामपंचायतीने या तीन ओळींचा छापील नमुना येत्या मृगाच्या आत कार्यालयात ठेवला तर गावातल्या प्रत्येक फॅब्रिकेटरला तो भरून देणे भाग पडेल.